वाडीच्या सांडपाणी टाकीसाठी मदतीचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी यांस,
स.न.वि.वि.

गणपतीला गावी येणाऱ्याला अंगणात चिखल आणि विहीर काठोकाठ भरलेलीच दिसते. त्यामुळे पाण्यासाठी वर्गणी मागितली तर हसू येणे साहजिक आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन येणाऱ्यांना मात्र वेगळे सांगायला नको. आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्याच्या कातळात तो टिकत नाही, उतारावरून थेट खाडीला मिळतो. शिमगा सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो, खाडीकडच्या विहिरी मचूळ होतात आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात.

वापरलेले पाणी पुन्हा वापरता येते, याचे एक उदाहरण म्हणजे आफ्रिकेतल्या नामिबिया देशाची राजधानी विंडहुक. तिथे वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. त्या शहराने 1968 सालीच गटाराचे पाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळायला सुरुवात केली आणि 2002 मध्ये नवे केंद्र उभारले. ओझोन, कोळशाचा थर, अतिसूक्ष्म गाळण्या असे एकापुढे एक टप्पे, म्हणजे एखादा कमी पडला तर पुढचा सांभाळून घेतो. सिंगापूरही 2003 पासून असे पाणी पुरवते. त्यातले बरेचसे कारखान्यांना जाते, थोडे जलाशयात सोडून पुन्हा शुद्ध होऊन नळाला येते.

बैठकीत हे सांगितल्याबरोबर "म्हणजे आता आम्हाला गटाराचं पाणी पाजणार काय?" हा सवाल आलाच. अजिबात नाही. तशी यंत्रे, प्रयोगशाळा आणि रात्रंदिवस पाणी तपासणारी माणसे आपल्या आवाक्यातली नाहीत, आणि अर्धवट शुद्ध केलेले पाणी पिणे म्हणजे काविळीला आवतण. प्यायला विहिरीचेच पाणी. पण तेच गोडे पाणी आपण कलमांना घालतो, गोठा धुवायला वापरतो, चिऱ्याच्या नव्या बांधकामावर मारतो. हे थांबले तर विहीर नक्कीच जास्त दिवस पुरेल.

पूर्वी न्हाणीचे पाणी मागच्या केळीला आणि अळवाला जायचे. आता लादीची बाथरूमे झाली, पाइप थेट रस्त्याकडेच्या गटारात सोडले. तिथे ते साचते, डास होतात, आणि जांभा सच्छिद्र असल्याने तेच झिरपून विहिरीकडे जायची भीती. (साबणाच्या वासाची तक्रार खालच्या आवाठातून आलेलीच आहे.)

म्हणून विहिरीच्या खालच्या अंगाला, देवळाच्या सभागृहामागे सिमेंटचा गिलावा केलेल्या तीन टाक्या बांधायच्या आहेत. पहिलीत तेलकटपणा आणि गाळ अडेल, दुसरीत खडी, कोळसा आणि रेतीचे थर, तिसरीत खडीत लावलेली कर्दळ. पाणी खडीच्या खालूनच वाहील, उघडे राहणार नाही. यात फक्त न्हाणी आणि मोरीचे पाणी घ्यायचे, संडासाचे मुळीच नाही. निघालेले पाणी कलमांना आणि नारळाला. कच्च्या खायच्या भाजीला नको. कोणी विजेवर चालणारे तयार यंत्र सुचवले होते. आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते, त्यामुळे उतारावर आपसूक वाहणारे पाणीच बरे.

भातकापणी आटोपली की काम सुरू करायचे आहे. मुंबईकरांनी घरटी किमान 1000 रुपये द्यावेत, गावातल्यांनी जमेल तेवढे द्यावे आणि खोदाईला एक रविवार यावे. चिरे, खडी, रेती, पाइप, कोळसा दिलात तरी वर्गणीत धरू. ज्यांचा टेम्पो आहे त्यांनी चिरेखाणीवरच्या दोन फेऱ्या अंगावर घ्याव्यात. गवंडीकाम जाणणारे वाडीत आहेतच, त्यांनी मजुरीत थोडे सांभाळून घ्यावे.

पैसे खजिनदारांकडे किंवा समितीच्या बँक खात्यात भरावेत, पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नयेत. जमाखर्च शिमग्याच्या गावबैठकीत वाचला जाईल. जुन्या घराचे सुटे चिरे परसात पडून असतील तर दिवाळीपूर्वी कळवा, आम्ही येऊन उचलू.

आपले,
पाणी समिती व ग्रामस्थ