पिंगला उत्तर नाही म्हणजे यंत्र बंद नाही

मा. संपादक,

आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरात ‘पिंगला उत्तर आले नाही, तर उपकरण बंद समजावे’ असे वाचले. (पिंग म्हणजे नेटवर्कवरून समोरच्या उपकरणाला ‘आहेस का?’ असे विचारून उत्तराची वाट पाहणारा छोटा प्रोग्रॅम.) नेटवर्क सांभाळण्यात माझी अठरा वर्षे गेली. याच समजुतीपायी माझ्या एका नव्या सहकाऱ्याने चालता सर्व्हर रीस्टार्ट केला होता. सर्व्हर ठणठणीत होता. आदल्या रात्री फायरवॉलची, म्हणजे नको ते नेटवर्क संदेश अडवणाऱ्या व्यवस्थेची, सेटिंग बदलली आणि सर्व्हरने पिंगला ओ देणे थांबवले, एवढेच. त्या वेळी काम करत असलेल्यांची सेव्ह न केलेली कामे मात्र गेली. त्यांतल्या एकीचा चेहरा मला अजून आठवतो.

पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिला. नाव घेतले पाणबुड्यांतल्या ‘सोनार’ या ध्वनियंत्रणेच्या आवाजावरून, आणि ते फार चपखल आहे. सोनारचा आवाज परत आला की समोर काहीतरी आहे एवढे कळते. काय आहे, ते कळत नाही.

याचाही अनुभव घेतला आहे. एक प्रिंटर पिंगला एका मिलिसेकंदात उत्तर द्यायचा, पण कागद काही निघेना. ड्रायव्हर बदलला, प्रिंट क्यू रिकामी केली. शेवटी वैतागून प्रिंटरची नेटवर्क केबलच उपसली, तरी उत्तरे येतच राहिली! कुणाच्या तरी लॅपटॉपला हाताने तोच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) दिलेला होता. कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणते यंत्र आहे याची ‘आर्प’ ही यादी संगणक ठेवतो; तिच्यातला मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) प्रिंटरवरच्या लेबलशी ताडून पाहिला असता, तर दुपार वाचली असती.

विंडोजवर आणखी एक फसगत होते. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ (समोरचे यंत्र गाठता येत नाही) हा निरोप अनेकदा आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून येतो. म्हणजे त्याने समोरच्याचा मॅक पत्ता विचारला आणि कोणीच ओ दिली नाही. पण विंडोज हा निरोपही आलेले उत्तर म्हणून मोजते, आणि खाली दिमाखात ‘लॉस ० टक्के’, म्हणजे काहीच हरवले नाही, असे लिहून येते. घाईत शेवटची ओळच वाचणारा तिथे हमखास चुकतो. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ ही वेगळी गोष्ट: उत्तर वेळेत आले नाही, इतकेच. ते वाटेत हरवले असेल, फायरवॉलने अडवले असेल किंवा यंत्र खरेच बंद असेल.

उपकरण आपल्याच स्थानिक नेटवर्कवर असेल, तर आर्पमधली जुनी नोंद पुसून पुन्हा पिंग करावे. उत्तर नाही आले तरी यादीत त्याचा मॅक पत्ता उमटला, तर तिथे कोणीतरी जागे आहे. मग जी सेवा हवी तिचाच पोर्ट (त्या सेवेच्या दाराचा क्रमांक) तपासावा: सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९. विंडोजच्या पॉवरशेलमधल्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ या आज्ञेने हे मिनिटभरात होते.

सदरातले ते वाक्य कृपया पुढच्या अंकात दुरुस्त करावे. नवी मुले कात्रण काढून टेबलावर चिकटवतात. मी पाहिले आहे.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ