तीनदा विचारल्याशिवाय मौन मोजू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपत आला. आश्विन पौर्णिमेला प्रवारणा, म्हणजे भिक्षूंनी एकमेकांना आपले दोष विचारण्याचा विधी, म्हणून हे पत्र.

वडोदऱ्यातल्या ज्या विहारात मी वर्षानुवर्षे जाते, तिथे गेल्या महिन्यात एका तरुणाने बांधकामाचा हिशेब मागितला. "भिक्षुसंघात असं चालत नाही, तिथं सगळं एकमतानं होतं. फूट पाडू नकोस," असे सांगून त्याला खाली बसवले. बाबासाहेबांनी जिथे अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प केला, त्या इथल्या संकल्पभूमीवर दर २३ सप्टेंबरला, त्या संकल्पाच्या दिवशी, पाण्याचे जार वाहणारा हा मुलगा! सगळे गप्प राहिले. मीही. ते मनाला लागून राहिले आहे.

संघाचे नाव पुढे केले याचे जास्त वाईट वाटते. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्षूंच्या नियमांप्रमाणे, महत्त्वाच्या कामाला आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडायची, मग तीनदा घोषणा करायची: मान्य असेल त्याने गप्प राहावे, नसेल त्याने बोलावे. त्यानंतरचे मौन ती संमती. वाद मिटलाच नाही तर शलाका, म्हणजे मत देण्याच्या काड्या, वाटून बहुमत घेत. संघाच्या याच कामकाजाचा दाखला बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता.

निवृत्तीनंतर मी दहा दिवसांच्या श्रामणेरी शिबिरात, म्हणजे तात्पुरती प्रव्रज्या घेऊन, होते. केस उतरवलेले, सगळ्यांचे चीवर एका रंगाचे; पहिल्या दिवशी बरोबर आलेली मैत्रीणही ओळखू येईना. घंटा झाली की उठायचे, दुपारी बारानंतर जेवण नाही. चार दिवसांत माझे असे काही मतच उरले नव्हते, आणि त्यात सुखही होते, हे खरे. शेवटच्या संध्याकाळी भंतेजींनी भिक्षूंच्या प्रवारणेच्या धर्तीवर एकेकीला उकिडवे बसून, हात जोडून म्हणायला लावले: माझ्याबद्दल जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली, ते अनुकंपेने सांगा. भिक्षुसंघात हे सर्वात ज्येष्ठ भिक्षूलाही म्हणावे लागते, तेही आधी.

माझी पाळी आली तेव्हा एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही न्हाणीत तांब्यात पाणी तसंच ठेवता. रोज मी ओतते." माझे कान तापले. मग भंतेजींनी बुद्धकाळातले कोसंबी नगरीतल्या भिक्षूंचे भांडण सांगितले. अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेप्रमाणे, त्याचे मूळही शौचालयातल्या भांड्यात राहिलेले पाणीच! संघात दोन तट पडले. तथागतांचेही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटे पारिलेय्यक वनात निघून गेले. उपासकांनी भिक्षा बंद केली तेव्हा कुठे भिक्षू वळणावर आले. उपासकांचा असा वचक होता, हे आपल्याकडे फारसे सांगत नाहीत.

माझी विनंती एवढीच, की यंदा आश्विन पौर्णिमेला विहारांच्या समित्यांनी खुर्च्यांवरून उतरून सतरंजीवर बसावे, हिशेबाच्या वह्या समोर ठेवाव्यात आणि सभासदांना तीनदा विचारावे. आमच्या विहारात मी त्या मुलाच्या शेजारी बसेन. पहिला प्रश्न मीच विचारणार आहे.

आपली,
एक उपासिका, वडोदरा