सुमीला, कोजागिरीच्या आधी

ता. दारव्हा, घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय सुमे,

नली गाणार म्हणते. तेही स्वतःचं, कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या रात्री, सगळ्या गावापुढे. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच रडली असतीस नाहीतर भांडली असतीस, म्हणून लिहायला बसले. सोयाबीनची सोंगणी चालू आहे, दुपारी घरात कोणी नसतं. माझा गुडघा होता तसाच. यांची शुगर बरी.

परवा ती पिशवीभर डायऱ्या घेऊन आली. कृषी केंद्रवाले नव्या वर्षाला कास्तकारांना वाटतात त्या. पुढून भाऊजींचा, तिच्या नवऱ्याचा, हिशोब: कोणत्या वावरात कोणतं औषध मारलं, मजुरी किती गेली, कापूस काय भावाने दिला. उलटी धरली की मागून नलीच्या कविता. जसजसं मधल्या पानांकडे यावं तसतसं भाऊजींचं अक्षर बारीक होत गेलंय, ओळीत ओळ दाटलेली. मी विचारलं, त्यांना ठाऊक होतं? तर म्हणाली, "तेच तं आनत जाय डायरी. म्हनत, जाड पाहून मांगली, तुले पुरन."

सुमे, मी ती डायरी मिटून नुसती बसून राहिले. हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार? हॉस्टेलच्या मेसच्या पायरीवरचं ते भांडण फक्त तुलाच माहीत आहे.

नलीच्या मामेभावाने नागपूरहून आणलेली, त्या अमेरिकन गायिका-कवयित्री पॅटी स्मिथच्या 'हॉर्सेस'ची कॅसेट आठव. नली पॅटी स्मिथसारखी ओरडून गायला लागली की रेक्टरबाईंना वाटे पोरीच्या अंगात आलं; एकदा तर खरंच लिंबू उतरवून टाकला होता! त्या दिवसांत पॅटी स्मिथ तिकडे मिशिगनमध्ये संसार करत होती. १९७९ मध्ये फ्लॉरेन्सच्या स्टेडियममध्ये तुडुंब गर्दीपुढे गायली, १९८० मध्ये फ्रेड स्मिथशी लग्न केलं, दोन मुलं झाली, आणि मधे १९८८ चा एक अल्बम सोडला तर शांत. तू म्हणालीस, "संपली ती, चुलीने खाल्ली." नलीचं लग्न ठरलं तेव्हा हेच तिच्या तोंडावर बोललीस आणि अक्षता टाकायलाही आली नाहीस.

मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर मुळीच पटत नाही. ती बाई त्या सगळ्या वर्षांत लिहीत होती. पहाटे, मुलं उठायच्या आत, रोज. आपली नली चारला उठून चुलीवर पाणी तापेस्तोवर लिहीत होती, तशीच. गाणं बंद होतं, लिहिणं बंद नव्हतं.

आणि तिला संसार करायला कोणी ओढून नेलं नव्हतं. न्यू जर्सीतली कारखान्यात राबलेली पोर, १९६७ मध्ये रिकाम्या खिशाने न्यूयॉर्कला गेली. रॉबर्ट मेपलथॉर्प भेटला, दोघं अर्धपोटी राहून चित्रं काढत, लिहीत. १० फेब्रुवारी १९७१ ला सेंट मार्क्स चर्चमध्ये कविता वाचायला उभी राहिली ती लेनी के या गिटारवाल्याला शेजारी घेऊन. न्यूयॉर्कच्या कवींना ते नवल वाटलं असेल. आपल्या आजीला वाटलं नसतं, तिने तुकडोजी महाराजांना खंजिरीवर स्वतःचे शब्द गाताना मोझरीला ऐकलेलं. १९७७ मध्ये टॅम्पाला ही बाई गाता गाता स्टेजवरून खाली कोसळली, मानेचे मणके मोडले. बरी होऊन पुन्हा उभी राहिली, पुढच्याच वर्षी तिचं 'बिकॉज द नाइट' हे गाणं घराघरांत पोचलं. त्यातले शब्द तिने फ्रेडच्या फोनची वाट बघत लिहिलेत. एवढं कमावून मग थांबली ती. कशासाठी थांबायचं हे तिचं तिने ठरवलं.

१९९४ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेला. महिन्याभरात सख्खा भाऊ टॉड गेला. पदरात दोन लहान मुलं. १९९५ च्या डिसेंबरात ती बॉब डिलनबरोबर दौऱ्यावर गात होती, आणि १९९६ च्या 'गॉन अगेन' अल्बममध्ये जे गिटारचे कॉर्ड वाजवून तिने गाणी रचली, ते फ्रेडनेच तिला शिकवले होते. भाऊजींच्या बारीक अक्षरापाशी मला हेच आठवलं.

आता माझी काळजी. भाऊजींना जाऊन वर्ष झालेलं नाही. नलीची जाऊ म्हणते, वर्षश्राद्धाच्या आत गाणं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील. म्हातारी मात्र गप्प आहे, आणि तिचं गप्प बसणं तुला माहीतच आहे. गावाचं मी बघून घेईन. पण नलीने तीन गाणी निवडलीत, त्यातल्या तिसऱ्यात भाऊजी पाठीवर पंप घेऊन तुरीच्या ओळीत शिरतात, आणि माझ्या स्वयंपाकघरात म्हणताना ती दर वेळी तिथेच थांबते. पुढे शब्दच येत नाही. तिथे, मांडवात, पोरींपुढे, जावेपुढे थांबली तर?

१० डिसेंबर २०१६ चं स्टॉकहोम मी त्यासाठी मोबाइलवर पुन्हा लावलं. डिलनच्या नोबेलच्या समारंभात त्याचं गाणं गायला पॅटी स्मिथ उभी, वय जवळजवळ सत्तर, समोर स्वीडनचा राजा. दुसऱ्या कडव्यात अडकली. माफी मागितली, फार घाबरलेय म्हणाली, तिथून पुन्हा सुरू केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नलीला दाखवलं तर ती त्या बाईच्या पांढऱ्या केसांकडेच बघत राहिली. म्हणाली, "तू खंजिरी घेऊन बस माह्याजवळ. मी थांबली तं तू थांबू नको."

मी हो म्हटलंय. तिने गावं असंच मला वाटतं. त्या मांडवात तिच्यासारख्या किती जणी बसलेल्या असतील, आणि त्यांच्यासाठी अजून कोणीच काही रचलेलं नाही. तरी रात्री झोप लागत नाही.

तुझ्या लेकीच्या व्हिसाचं झालं का? सासूबाईंचा मोतीबिंदू काढला असेल ना? घराचे फोटो बघितले, बाल्कनी छान आहे.

तू ये. रात्रीच्या गाडीने बडनेऱ्याला उतर, नेरमार्गे दारव्ह्याची एसटी मिळते, स्टँडवर मी येते. जमत नसेल तर दोन ओळी लिही, पण नलीला लिही, मला नको. लग्नाचा विषय काढू नकोस, तिच्या मनात काही नाही. परवाच विचारत होती, सुमी अजून तशीच मोठ्याने हसते का म्हणून.

आणि हे मात्र लवकर कळव, तुला गाण्यांची मांडणी कळायची: तिसरं गाणं सुरुवातीलाच म्हणून घ्यावं, की शेवटी ठेवावं?

तुझी,
विजू