दशमांश, बियाणं आणि पेन्शन: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबांना,
सप्रेम सलाम.

बाबा, निवृत्तीच्या एकरकमी पैशांचा दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, किती काढायचा, हे तुम्ही विचारलंत. आई, टीव्हीवर प्रवचन करणारे सेवक म्हणतात तसं ‘विश्वासाचं बियाणं’ पेरलं, म्हणजे त्यांना पैसे पाठवले, तर गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे उभे राहतील का, हे तू विचारलंस. दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून उत्तरही एकत्रच लिहिते आहे. देवाला दिलेला पैसा ही गुंतवणूक नव्हे. त्यावर परतावा मागायचा नसतो, आणि परतावा मिळाला नाही म्हणून स्वतःच्या विश्वासाला दोषही द्यायचा नसतो.

आईच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ते सेवक नेहमी बायबलमधलं मलाखी ३:१० वाचतात: सगळा दशमांश भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा. हे भांडार म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातलं धान्याचं कोठार. त्याच्याच पुढच्या ओळीत शेताचं पीक आणि द्राक्षवेल येतात, कारण ते वचन शेतीवर जगणाऱ्या अख्ख्या राष्ट्राला दिलेलं आहे. त्या कोठाराचं काय होत असे, ते नहेम्याच्या १३व्या अध्यायात दिसतं. वाटा मिळेना म्हणून लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेसाठी नेमलेल्या कुळातली माणसं, ती सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले होते. सुभेदार नहेम्याने दशमांश पुन्हा सुरू करवला आणि वाटपावर चार माणसं नेमली. का, तर ती विश्वासू गणली जात होती. म्हणजे कोठारात आलेलं धान्य वाटलं जायचं आणि त्या वाटपाला जबाबदार माणसं असायची. पडद्यावर दिसणाऱ्या क्यूआर कोडमागे अशी चार माणसं कोण, हे आधी विचार.

अनुवाद १४:२२-२९ तर दोघांनी मिळून वाचा. आपल्याकडे त्यावर प्रवचन क्वचितच होतं. तिथे दशमांश काढणाऱ्याने त्यातलं काही कुटुंबासह देवासमोर बसून खायचं आहे. गाव लांब असेल तर धान्य विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिथे पोचल्यावर जे आवडेल ते विकत घेऊन आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश मात्र आपल्याच गावात ठेवायचा, तो लेवी, परका, पोरका आणि विधवा यांच्यासाठी. देणाऱ्याच्या घरात चूल पेटू नये, अशी सोय या नियमात कुठेही नाही.

बियाण्याची शिकवण आज ज्या रूपात ऐकू येते, ते रूप अमेरिकेतलं आहे. ओरल रॉबर्ट्‌स या टीव्हीवरच्या प्रचारकांनी ती १९७०च्या सुमारास लोकप्रिय केली: आधी पैसे पेरा, मग पिकाची वाट पाहा. केनेथ हेगिन या दुसऱ्या प्रचारकांनी आरोग्य आणि समृद्धी हा विश्वासणाऱ्याचा हक्कच असल्याचं शिकवलं, आणि टीव्हीने दोन्ही गोष्टी जगभर पोचवल्या. पुढे सुवार्तिक (इव्हँजेलिकल) मंडळ्यांनीच याला विरोध केला. २०१० साली केपटाऊनला भरलेल्या त्यांच्या लोझान परिषदेतून आलेल्या जाहीरनाम्यात या समृद्धीच्या शिकवणीचा स्पष्ट निषेध आहे. तेव्हा तिच्यावर शंका घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं मनात आणू नकोस.

या शिकवणीत वचनं अर्धीच वाचली जातात. मार्क १०:३० मधला ‘शंभरपट’ मोठ्याने सांगतात, पण त्याच वाक्यातला ‘छळ’ गाळतात. ३ योहान २ मधली बरकतीची इच्छा ही गायसला लिहिलेल्या पत्राची सुरुवात आहे. मी तुम्हाला ‘तब्येत सांभाळा’ लिहिते, तसंच ते. त्याचा सार्वत्रिक करार होत नाही. मंदिराच्या दानपेटीत विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे बारीक नाण्यांचं, उदाहरण देताना त्याच्या आधीचं वाक्य कोणी वाचत नाही. मार्क १२:४० मध्ये प्रभू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलतो, आणि लगेच ती विधवा आपली सगळी उपजीविका टाकताना दिसते. मला वाटतं, त्या प्रसंगात तिच्याबद्दलच्या कौतुकाइतकाच त्या व्यवस्थेवरचा संतापही आहे.

आई, आणि गुडघ्यांचं. पौलाने त्रफिमला आजारी असताना मिलेतात मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). या दोघांच्या विश्वासावर पौलाने बोट ठेवलेलं नाही. ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेला एकही रुपया कुठे पेरायचा नाही. त्यातून अर्पण दिलं नाही, तर कोणत्याही वचनाचा भंग होत नाही. उलट मार्क ७:९-१३ मध्ये आई-वडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना प्रभू खडसावतो. म्हणून तुमच्या ऑपरेशनची जबाबदारी आधी आमची. आमच्या दशमांशाच्याही आधी.

बाबा, आता तुमचा हिशेब. नोकरीत असताना तुम्ही कपातीच्या आधीच्या पूर्ण पगारावर दशमांश देत होतात. म्हणजे भविष्य निर्वाह निधीत तुमच्या पगारातून गेलेल्या भागाचा दशमांश तेव्हाच देऊन झाला आहे. समजा १२ लाख आले आणि त्यात तुमचा भाग ४ लाख, मालकाचा ४ लाख, व्याज ४ लाख असेल, तर नवी मिळकत ८ लाखांची. दशमांश काढायचाच असेल तर ८० हजार होतो, १ लाख २० हजार नव्हे. हातात येणाऱ्या पगारावर दिला असता, तर पूर्ण रक्कम धरावी लागली असती. ग्रॅच्युइटी मात्र सगळी नवी धरा. हे ८० हजारही एका रविवारी पाकिटात घालू नका. आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि औषधपाण्याची रक्कम वेगळी ठेवा, मग उरलेल्यातून वर्षभरात द्या.

दरमहाचं असं करता येईल. पेन्शन २८ हजार आणि ठेवीचं व्याज ७ हजार असेल, तर दहावा भाग ३,५००. त्यातले २,००० मंडळीला, पाळकसाहेबांचा पगार आणि देवळाची डागडुजी त्यातूनच होते. १,००० मंडळीतल्या एखाद्या गरजू घराला, शक्यतो मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीमार्फत, म्हणजे घेणाऱ्याला तुमच्यासमोर ओशाळं वाटणार नाही. ५०० बाजूला टाकत राहा. तीन वर्षांत १८ हजार होतात, तो तुमचा तिसऱ्या वर्षीचा दशमांश. एखाद्या मुलीची नर्सिंगची फी अडली, तर तेव्हा हात आखडावा लागणार नाही. पण या सगळ्याच्या आधी घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार, त्यांच्या सुट्ट्यांच्या पैशांसकट. याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते.

नव्या करारात दहा टक्क्यांची सक्ती मला कुठे सापडत नाही. नियम काटेकोर पाळणारे परूशी पुदिना आणि जिऱ्याचाही दशमांश मोजत, आणि प्रभू त्यांना न्याय व दयेची आठवण करून देतो. जकातदार जक्कयाने अर्धं दिलं, त्या श्रीमंत तरुणाला सगळं विकायला सांगितलं, आणि शेत विकून काही पैसे लपवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणतो की शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. त्याचा दोष खोटं बोलण्याचा. संपत्ती असणं हेही पाप नाही. योहान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशांतून प्रभूचा खर्च चालवत, लुदिया महागडी जांभळी वस्त्रं विकत असे. तुम्ही घर घेतलंत, त्याचं ओझं मनावर घेऊ नका. दहावा भाग ही चांगली सवय आहे, कर नाही. ज्या महिन्यात औषधांवर जास्त गेलं, त्या महिन्यात कमी द्या. जवळ असेल त्या मानाने, असं २ करिंथ ८:१२ सांगतं.

त्याच अध्यायात पैसा कसा हाताळावा तेही आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी हाताळायला पौलाने तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले, कोणी बोट दाखवू नये म्हणून. तुम्हीही तेवढं पाहा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी नाव दिसतं. तिथे संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षित हिशेब मागा, आपल्या मंडळीकडेही मागा. त्यात अविश्वास नाही. देणगीवरची आयकराची सूट, जिला सगळे ८०जी म्हणतात, जुन्या करपद्धतीतच मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि केवळ एका धर्माच्या उपासनेसाठीच्या संस्थेला ती सहसा लागूच नसते. सोन्याची साखळी किंवा बांगडी सभेत काढून देऊ नका. तिची ना पावती मिळते, ना वजनाची नोंद राहते.

नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, हे बाबा नेहमी सांगतात. तो त्याग माझ्याही मनाजवळचा आहे. पण तो त्यांनी स्वतःहून केला, परताव्याच्या आशेने नाही, आणि तसा सगळ्यांनी करावा असा नियम त्यातून निघत नाही.

मृत्युपत्राबद्दल एवढंच. धर्मकार्याला काही ठेवायचं तर मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करायला हवं, असं जे मंडळीत अजून सांगतात, ती आपल्या ख्रिस्ती लोकांवरची अट भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ मध्ये होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००३ साली रद्द केली. दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेला भाग रद्द होतो, म्हणून आम्हा भावंडांच्या सह्या नकोत. मृत्युपत्र नसेल तर मागे राहिलेल्या जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश जातं. मला हे नको आहे. राहतं घर पूर्णपणे एकमेकांच्या नावे लिहा. मंडळीला किती ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा, आमच्याकडे बघू नका. कच्चा मसुदा झाला की पाठवा, वकिलांकडे जाण्याआधी एकदा वाचून देते.

तुमची लेक