प्रदर्शनातल्या जेसीबीशेजारी मोजमापाचा तक्ता हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची धांदल उडते. १९२८ साली याच दिवशी सी. व्ही. रामन यांनी ‘रामन परिणामा’चा शोध लावला, म्हणून हा राष्ट्रीय विज्ञान दिन. प्रदर्शनात एक वस्तू हमखास असते ती म्हणजे पुठ्ठ्याचा जेसीबी. चार सिरिंज, सलाईनची नळी, रंगीत पाणी. मूल सिरिंज दाबते, जेसीबीचा हात वर जातो, पाहुणे कौतुक करतात, फोटो निघतो. वस्तू चांगलीच आहे. पण ‘किती दाबलेस आणि किती उचलले गेले?’ असे त्या मुलाला कोणी विचारत नाही. मुले विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळावीत असे खरेच वाटत असेल, तर हा प्रश्न विचारायला सुरुवात करावी, यासाठी हे पत्र.

याच जेसीबीचे पाहा. ५ मिलिलिटरची एक आणि २० मिलिलिटरची एक अशा दोन सिरिंज नळीने जोडायच्या. लहान सिरिंजमधले पाचही मिलिलिटर पाणी मोठीत ढकलायचे आणि दोन्ही दट्ट्ये किती सरकले ते पट्टीने मोजायचे. लहान दट्ट्या चारएक सेंटिमीटर सरकतो, मोठा जेमतेम दीड-पावणेदोन. अंतर जितक्या पटीने घटले तितक्या पटीने बळ वाढायला हवे, हे पास्कलच्या नियमावरून येते. आता मोठ्या दट्ट्यावर वजन ठेवून पाहिले, तर हिशेबापेक्षा कमी उचलले जाते. इथे मुले गडबडतात आणि प्रयोग फसला म्हणतात. तो फसलेला नसतो. उरलेले बळ रबराच्या घर्षणात गेलेले असते. पहिला दाब वाया जात असेल तर नळीत हवेचा बुडबुडा आहे असे समजावे, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. जोडणी पाण्याने भरलेल्या टबात बुडवून केली की बुडबुडा राहत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक प्रेस आणि सिलिंडर बनतात, ते याच नियमावर. तिथल्या फिटरलाही सिस्टिममधली हवा आधी काढावी लागते. हे जोडून सांगितले की मुलाच्या मनात पुस्तक आणि कारखाना एका जागी येतात.

दुसरा प्रयोग लंबकाचा, आणि तो बहुतेक शाळांत एकाच जागी चुकतो. एक मीटर दोरा, खाली लहान जड गोळा. वीस आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात आणि गुरुत्वत्वरण ९.८ च्या आसपास येते. पण मुले गोळा सोडताना ‘एक’ म्हणतात. मोजणी ‘शून्य’पासून हवी. ‘एक’पासून मोजले की प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने होतात, वेळ ३८ सेकंदांवर येते आणि उत्तर ९.८ ऐवजी जवळजवळ १०.९ निघते. मग वहीत ९.८ लिहून टाकायची सवय लागते. आमच्या मते विज्ञानाची गोडी मरते ती इथे. चुकलेले उत्तर खोडू न देता ते का चुकले हे शोधायला लावावे. दोऱ्याची लांबी गाठीपर्यंत मोजली की गोळ्याच्या मध्यापर्यंत? गोळा फार लांब ओढून सोडला का? एवढे दोन प्रश्न विचारले तरी बहुतेक चूक सापडते.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याला देणगीच मिळाली आहे: पाऊस. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला धो धो कोसळणारा पाऊस अथणीपर्यंत जाता जाता जवळजवळ आटतो. सह्याद्री ढग कसे अडवतो हे शिकायला याहून चांगली जागा कुठली? पर्जन्यमापक प्रत्येक हायस्कूलला घरच्या घरी करता येईल. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला बरोबर १० मिलिलिटर पाणी. व्यास १२ असेल तर ११.३ मिलिलिटर धरावे. खाली बाटली, मोजायला मोजपात्र किंवा मोठी सिरिंज. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असावा, झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी आणि नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी. हवामान खात्याची वेळही हीच.

चुका ठरलेल्या आहेत. उथळ नरसाळ्यातून थेंब उडून बाहेर जातात, म्हणून खोल काठाचे घ्यावे. तोंडात पान अडकते, म्हणून जाळी हवी. आणि सगळ्यात मोठी चूक बाटलीची. एक लिटरची बाटली १०० मिलिमीटरला भरते आणि पुढचे पाणी वाहून जाते. अथणीला ती पुरेल, पण जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैत एका दिवसात त्याहून जास्त पाऊस होणे नवलाचे नाही. तिथे पाच लिटरचा कॅनच लावावा. रविवारीही नोंद चुकू नये म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या तीन-चार मुलांनी पाळ्या वाटून घ्याव्यात.

बेळगाव फाउंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचे गाव आहे. मोल्डिंगची, म्हणजे साच्याची वाळू ही वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण. पाणी साधारण तीन-चार टक्के. ते जास्त झाले तर तापलेल्या लोखंडाने वाफ होते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगात, ब्लो होल (पोकळ भोके) पडतात. कमी झाले तर मोल्ड ढासळतो आणि वाळूचे कण नगात अडकतात. वाळूतला ओलावा तपासणे दहावीच्या मुलाला सहज जमेल: वजन करा, वाळवा, पुन्हा वजन करा, सलग दोन वजने सारखी येईपर्यंत. मात्र १०० ग्रॅम वाळू घेतली आणि काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा असेल, तर एका ग्रॅमची चूक म्हणजे एक टक्का, आणि तीन की चार हेच कळणार नाही. अशा काट्यावर ५०० ग्रॅम वाळू घ्यावी. तव्यावर वाळवताना आच मंद ठेवावी. कोळसा जळू लागला तर घटलेले वजन ओलावा म्हणून मोजले जाते. उपकरणाचे लघुत्तम माप पाठ करून कळत नाही, या काट्यापुढे उभे राहिल्यावर कळते. भोवतालच्या फाउंड्रीवाल्यांना आमची विनंती आहे की वर्षातून एकदा नववी-दहावीच्या वीस मुलांना पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) बनवण्याचा विभाग आणि वाळूची तपासणी दाखवा. ओतकाम लांबून दाखवले तरी चालेल. एक मीटरच्या नगासाठी पॅटर्न १०१० मिलिमीटरचा का करतात, एवढे एक कोडे मुलांच्या हाती दिले तरी पुष्कळ आहे.

आता भाषेबद्दल. मराठी माध्यमातून एसएसएलसीला (दहावीला) चांगले गुण मिळवलेले मूल पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सच्या पहिल्या दोन महिन्यांत इंग्रजी शब्दांमुळे खचते आणि घरी सांगते, ‘मला फिजिक्स जमत नाही.’ बहुतेकदा विषय जमत असतो, शब्द अडतात. ज्याला ‘त्वरण’ समजले आहे त्याला ‘ॲक्सिलरेशन’ नवीन शिकायचे नसते, फक्त ओळखायचे असते. परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत दोन रकान्यांची वही करावी: विभवांतर आणि पोटेन्शियल डिफरन्स, रोध आणि रेझिस्टन्स, संवेग आणि मोमेंटम, अपवर्तन आणि रिफ्रॅक्शन. रोज दहा शब्द, प्रत्येकाचे एक एकक आणि एक उदाहरण. महिन्यात तीनशे होतात आणि तेवढ्यावर पहिले सत्र निभावते. कन्नडही बोलता येऊ द्यावे. कारखान्यात शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी बोलायला ती लागते, त्यात कमीपणा काही नाही.

वाटा एकाहून जास्त आहेत आणि पालकांना त्यातली एकच ठाऊक असते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डीसीईटी ही प्रवेश परीक्षा दिली तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचा आयटीआय करूनही पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. ज्याला हाताने काम करायला आवडते त्याच्यासाठी सरकारी टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंगचा (हत्यारे व साचे बनवण्याचा) डिप्लोमा आहे. हा ‘कमी गुणवाल्यांचा’ रस्ता आहे, हा गैरसमज आपल्या भागात फार खोल आहे आणि त्याने नुकसानही फार झाले आहे. मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर वाचणाऱ्या हाताला डोके लागत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा वाचून पाहावे.

कागदपत्रांत मुले विनाकारण जागा गमावतात, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. कर्नाटकच्या सीईटीत १५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्यासाठी माध्यमाची अट नाही. पण पहिली ते दहावी ही दहाही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. आठवीला मुलाला बेळगाव शहरात आणले की तो हक्क गेला. आणताना हे ठाऊक असावे. दुसरे, महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतात. फॉर्म भरायच्या आठवड्यात ते मिळवायला धावपळ केली तर वेळेत हाती येत नाहीत. दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावेत. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे. उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेला मुलांच्या पाच नव्या कल्पना पाठवता येतात, निवड झाल्यास प्रत्येकी १०,००० रुपये मिळतात. अनेक शाळांतून इंटरनेटवरून उतरवलेला स्मार्ट डस्टबिन जातो आणि परत येतो. निपाणीची तंबाखू वाळताना, चिकोडीचा ऊस तोडताना, खानापूरचा काजू सोलताना माणसाचा हात कुठे दुखतो, हे मुलांना विचारा. पाच कल्पना एका तासात मिळतील.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा शाळांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी छापाव्यात: गाव, शाळा, मिलिमीटर, नोंद घेणाऱ्या मुलांची इयत्ता. सुरुवातीला कणकुंबी, खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी आणि अथणी या सहा ठिकाणच्या शाळा मिळाल्या तरी पुरे. साधने जुळवायला आणि पहिल्या पंधरवड्यात नोंदी तपासायला आम्ही येऊ.

आपले,
काही विज्ञान शिक्षक व कार्यशाळा प्रशिक्षक,
बेळगाव