सीटीच्या रिपोर्टवर डोस छापा : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पोटाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर रुग्णाला मिळालेला रेडिएशनचा डोस आणि किती फेज (एकाच स्कॅनमधल्या वेगवेगळ्या वेळच्या फेऱ्या) घेतल्या ते छापणे सक्तीचे करा, ही आमची मुख्य मागणी आहे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. स्कॅन संपताच मशीन स्वतःच डोसचे पान तयार करते. त्यावरचा डीएलपी, म्हणजे त्या स्कॅनमधल्या एकूण रेडिएशनचा आकडा, रुग्णाच्या हातातल्या कागदावर आला पाहिजे.

प्रौढ माणसाच्या पोटाच्या सीटीत डीएलपीला ०.०१५ ने गुणले की शरीराला मिळालेला डोस अंदाजे मिलिसिव्हर्टमध्ये (रेडिएशन डोसचे एकक) मिळतो. ६०० डीएलपी म्हणजे ९ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एका स्कॅनमुळे वाढणारा कॅन्सरचा धोका लहान असतो. अपघातात प्लीहा फाटल्याचा किंवा आतडे फुटल्याचा संशय असेल, तर सीटी न करणेच जास्त घातक. तिथे कोणी कचरू नये.

डोस वाढतो तो फेजमुळे. आधी डायशिवाय (डाय म्हणजे शिरेतून दिले जाणारे, चित्रात उजळ दिसणारे औषध), मग डाय धमन्यांत असताना धमनी फेज, डाय दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी पोर्टल फेज (डाय यकृताच्या शिरांत असताना), काही मिनिटांनी डिलेड, म्हणजे उशिराची फेज. दर फेरीला पोटावरून पुन्हा क्ष-किरण जातात. यकृतातल्या गाठीसाठी हे लागते, कारण यकृताचा कॅन्सर बहुधा धमनी फेजमध्ये उजळतो आणि पुढच्या फेजमध्ये फिका पडतो. ॲपेंडिक्सच्या संशयात मात्र एकटी पोर्टल फेज सहसा पुरते, आणि लहान मुलांत व गरोदर बाईत आधी सोनोग्राफीच करायची असते. मुतखडा शोधायला डाय लागत नाही. उलट लघवीत उतरलेल्या डायमध्ये खडा झाकला जातो. पित्ताशयातले कितीतरी खडे तर सीटीत दिसतच नाहीत.

टेबलावरच्या चुकाही महागात पडतात. रुग्ण गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मध्यावर नसला तर डोस आपोआप ठरवणारी यंत्रणा चुकते. हात डोक्यावर न घेता कडेला राहिले तर चित्रावर रेघोट्या उमटतात आणि डोसही वाढतो. मुलांना मोठ्यांचे सेटिंग लावणे ही यातली सर्वांत गंभीर चूक. आकडा छापला की ती लगेच उघडी पडेल.

रिपोर्टवर स्कॅनचे कारण आणि डाय दिला असल्यास क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) असावे. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा अंदाज) ३०च्या खाली असेल तर डायचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. सोबत सीडी द्यावी. नुसत्या फिल्मवर पुढच्या रुग्णालयाचे भागत नाही आणि तोच स्कॅन पुन्हा होतो.

डोसची माहिती रिपोर्टचा भाग असावी, हे युरोपीय संघाने २०१३च्या निर्देशातच घातले आहे. आपल्याकडे मशीनचा परवाना केंद्राची एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) देते, पण जिल्हा रुग्णालयांतल्या रिपोर्टचा नमुना आपले खाते ठरवू शकते. खासगी भागीदार जिथे सीटी केंद्र चालवतात, तिथे पुढच्या करारातच ही अट घालावी.

आपले,
रेडिओलॉजीतील काही डॉक्टर आणि तंत्रज्ञ