६.५ क्रीडमूर की ७ एमएम-०८? हरणाच्या शिकारीसाठी रायफल निवडणाऱ्या मित्रास पत्र

मॅडिसन, विस्कॉन्सिन
सप्टेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ग्रीन कार्ड हाती आले, हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम तू आणि लेकीने बरोबरीने पूर्ण केला आणि शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या रानात मचाण बांधायला परवानगी दिली, हे वाचून फार आनंद झाला. आता प्रश्न उरला रायफलीचा. दुकानदाराने तुझ्यासमोर एकाच बनावटीच्या दोन रायफली ठेवल्या, एक ६.५ क्रीडमूर या काडतुसाची आणि दुसरी ७ एमएम-०८ रेमिंग्टन या काडतुसाची, आणि हरणासाठी दोन्ही सारख्याच उत्तम आहेत असे सांगून तुला विचार करायला घरी पाठवले. त्याचे म्हणणे खोटे नाही, परंतु तेवढ्याने पैसे कोणत्या रायफलीवर खर्च करायचे हे ठरत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. तू ६.५ क्रीडमूर घ्यावीस. मी स्वतः अनेक वर्षे ७ एमएम-०८ वापरतो आणि ती बदलण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही. तरीही तुला हा सल्ला देतो, कारण तुझी गरज माझ्यापेक्षा वेगळी आहे. तुम्ही दोघे बापलेक नव्याने नेमबाजी शिकत आहात, एकच रायफल दोघांनी वापरायची आहे आणि तुझ्या गावात काडतुसे मिळण्याचे दुकान एकच आहे.

आधी या दोघांची कुळकथा ऐक, म्हणजे त्यांच्यात इतके साम्य का आहे ते कळेल. विंचेस्टर कंपनीने १९५२ साली ३०८ विंचेस्टर हे काडतूस बाजारात आणले. त्याच काडतुसाची मान आवळून तिच्यात ७ मिलिमीटरची गोळी बसवण्याचा उद्योग हौशी मंडळी कितीतरी आधीपासून करत होती. रेमिंग्टनने १९८० साली त्याला कारखान्याचे रूप दिले आणि ७ एमएम-०८ हे नाव ठेवले. ६.५ क्रीडमूर त्या मानाने तरुण आहे. हॉर्नाडी कंपनीने ते २००७ साली लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांसाठी तयार केले आणि शिकाऱ्यांनी ते नंतर उचलले. दोन्ही काडतुसे आखूड बोल्टाच्या रायफलीत बसतात, दोघांच्या बुडाचा व्यासही सारखाच आहे आणि त्यांच्या गोळ्यांच्या व्यासात फरक आहे तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा.

आपल्याकडच्या माणसाला यातील एक धागा जवळचा वाटेल. ७ एमएम-०८ जे काम करते, तेच काम १८९२ पासून ७ बाय ५७ मॉझर हे जर्मन काडतूस करत आले आहे आणि इंग्रजांच्या दुकानांत तेच काडतूस २७५ रिग्बी या नावाने विकले जात होते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली जी रायफल भेट मिळाली, ती याच २७५ रिग्बीची. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. इथे विस्कॉन्सिनमध्ये मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम राज्य सरकार शिकाऱ्यांकडूनच करून घेते, म्हणून आपल्याला हा विचार करण्याची वेळ येते. ६.५ मिलिमीटरच्या बाजूलाही असाच वाडवडिलांचा आधार आहे. स्वीडन आणि नॉर्वेमधील लोक ६.५ बाय ५५ या १८९४ च्या काडतुसाने, आपल्या हरणापेक्षा कितीतरी मोठ्या अशा मूसची शिकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. तेव्हा "क्रीडमूर हरणाला कमी पडेल का?" या तुझ्या शंकेचे उत्तर त्या थंड देशांनी केव्हाच देऊन ठेवले आहे.

आता आकडे पाहू. हॉर्नाडीच्या हरणांसाठीच्या एकाच मालिकेतील दोन काडतुसे घे. ६.५ क्रीडमूरची १२९ ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला २,८२० फूट वेगाने निघते आणि ७ एमएम-०८ ची १३९ ग्रेनची गोळी २,८४० फूट वेगाने. (१३९ ग्रेन म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम.) नळीच्या तोंडाशी पहिलीची ऊर्जा सुमारे २,२८० फूट-पौंड भरते, तर दुसरीची सुमारे २,४९०. दोनशे फूट-पौंडांचा हा फरक पाहून दुकानात उभा असलेला माणूस ७ एमएम-०८ कडे झुकतो. परंतु ६.५ ची गोळी तिच्या वजनाच्या मानाने लांब आणि निमुळती असते, हवा तिला कमी अडवते आणि तिचा वेग सावकाश उतरतो. तीनशे यार्डांवर पोहोचेपर्यंत दोन्ही गोळ्यांचा वेग सेकंदाला २,२०० फुटांच्या आसपास येतो आणि ऊर्जा साधारण साडेचौदाशे फूट-पौंडांवर जवळजवळ एक होते. दोनशे यार्डांवर नेम बसवला, तर तीनशे यार्डांवर दोन्ही गोळ्या सुमारे आठ इंच खाली लागतात. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ६.५ ची गोळी तेवढ्याच अंतरावर इंचभर कमी सरकते, एवढाच काय तो फरक. तुझ्या मचाणावरून समोर दिसते काय, तर मॅपल आणि ओकच्या झाडांतून शंभर यार्डांपर्यंतची वाट आणि एका बाजूला मक्याच्या शेताची कड. तिथे हा इंचभर फरक कधी कामाला येणार नाही, आणि दोनशे फूट-पौंडांचाही येणार नाही.

ज्या गोष्टीने फरक पडतो ती म्हणजे गोळीची घडण. कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या व्यासाच्या मापावर, तासन्‌तास बोलणारी माणसे नेमकी याच बाबतीत दोन वाक्यांत आटोपतात, म्हणून इथे थांबून लिहितो. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण आठ इंच व्यासाची जागा असते. गोळीने तिथे पोहोचून पसरले पाहिजे, पण फुटून तिचे तुकडे होता कामा नयेत, आणि शक्यतो तिने पलीकडच्या बरगडीतून बाहेर पडले पाहिजे. गोळी आरपार गेली की रक्ताचा माग जमिनीवर दोन्ही बाजूंनी पडतो, आणि नोव्हेंबरमध्ये ओकच्या तांबूस पानांच्या थरावर तो शोधणे सोपे जाते. क्रीडमूर ही मुळात स्पर्धेची जात असल्याने दुकानाच्या फळीवर तिची जी खोकी रचलेली असतात, त्यांतील पुष्कळशी मॅच म्हणजे स्पर्धेच्या गोळ्यांची असतात. त्या कागदी लक्ष्यावर एकाच छिद्रात छिद्र पाडतात, पण त्यांचे तांब्याचे आवरण पातळ असते आणि ती गोळी अंगात शिरल्यावर कशी वागेल याचा भरवसा नसतो. कधी ती वरच्या वर फुटते, कधी न पसरताच पलीकडे जाते, आणि दोन्ही प्रकारांत हरीण जखमी होऊन पळते. ७ एमएम-०८ घेणाऱ्याला ही अडचण सहसा येत नाही, कारण त्या कॅलिबरची जवळपास सगळी खोकी शिकारीचीच असतात. तू क्रीडमूर घेणार असशील तर खोक्यावरची अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस. मॅच किंवा टार्गेट असे लिहिले असेल तर ते खोके सरावापुरतेच ठेव. शिकारीसाठी इंटरलॉक किंवा पार्टिशन या नावाची शिकारीची गोळी, किंवा आवरण आणि शिसे एकमेकांना जोडलेली, म्हणजे बॉन्डेड, अशा घडणीची गोळी घे.

लेकीला मटणात शिशाचे कण नको असतील, तर पूर्ण तांब्याच्या गोळ्याही दोन्ही कॅलिबरांत मिळतात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, म्हणून त्यात वजन एक पायरी खाली घेतात. बार्न्सची १२० ग्रेनची तांब्याची गोळी ६.५ मध्येही आहे आणि ७ मिलिमीटरमध्येही.

आता गोळी सुटताना रायफल खांद्याला मागे जो धक्का देते, त्याविषयी. साडेसात पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा धक्का साधारण तेरा फूट-पौंड येतो आणि ७ एमएम-०८ चा साधारण पंधरा. तुला मोठ्या माणसाला हा फरक पहिल्या दहा गोळ्यांत जाणवणार नाही. पण नव्याने शिकणारी सोळा वर्षांची मुलगी एका दुपारी तीस गोळ्या झाडते तेव्हा तो खांद्याला जाणवू लागतो, आणि धक्क्याची धास्ती एकदा मनात बसली की चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि नेम हलतो. ही सवय लागायला एक दिवस पुरतो आणि मोडायला हंगाम जातो. रायफल फार हलकी घेण्याचा मोहही याच कारणासाठी टाळ. सहा पौंडांची रायफल रानातून वाहून नेताना छान वाटते, पण तेच काडतूस तिच्यात जास्त लाथा झाडते.

काडतुसांच्या उपलब्धतेचे म्हणशील, तर माझा कल खरा इथेच ठरतो. महामारीच्या काळात २०२० आणि २०२१ मध्ये देशभर काडतुसांचा तुटवडा पडला, तेव्हा ७ एमएम-०८ चे एक खोके मिळवण्यासाठी मला तीन गावे पालथी घालावी लागली. एरवीही आमच्या भागातील दुकानांत क्रीडमूरचे सात-आठ प्रकार असतात आणि ७ एमएम-०८ चे दोन. माझ्याजवळ साठा आहे आणि मी स्वतः काडतुसे भरतो, त्यामुळे माझे अडत नाही. तू अजून त्या वाटेला गेलेला नाहीस. ज्या काडतुसाचा सराव परवडतो आणि जे हवे तेव्हा मिळते, त्याचाच नेम बसतो, आणि तुम्हा दोघांना या वर्षी सर्वात जास्त गरज सरावाची आहे.

रायफल घ्यायला जाशील तेव्हा लेकीला बरोबर ने, आणि थंडीत घालतो तो जाड कोट आणि त्यावरचे नारिंगी जाकीटही घेऊन जा. दस्त्याची लांबी बहुतेक रायफलींत साडेतेरा इंचांच्या आसपास असते. ती शर्टावर ठीक वाटते, पण दोन थरांच्या कोटावर दस्ता खांद्याला अडकतो आणि गाल दुर्बिणीच्या मागे नीट टेकत नाही. दोघांनीही कोट घालून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतील चित्र काळ्या कडेशिवाय पूर्ण गोल दिसले, तर दस्ता बसला असे समजा. काही कंपन्यांच्या रायफलींत दस्त्याच्या टोकाला चकत्या घालून लांबी कमीजास्त करता येते. तुझ्या आणि लेकीच्या उंचीत जे अंतर आहे ते पाहता अशीच रायफल घे, मग तिच्यासाठी शंभर-दीडशे डॉलर जास्त पडले तरी चालतील. ती सोय दुकानात फक्त ७ एमएम-०८ च्या रायफलीला असेल आणि क्रीडमूरच्या नसेल, तर माझा वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवून ७ एमएम-०८ घे. अंगाला बसणारी रायफल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा महत्त्वाची आहे.

नेम बसवताना आधी पंचवीस यार्डांवर कागद लाव, मग शंभर यार्डांवर जा. तुझ्या रानात शंभर यार्डांवर बरोबर मध्यभागी लागणारा नेम पुरेसा आहे. दोनशे यार्डांवर ती गोळी साडेतीन इंचांच्या आसपास खाली जाईल, म्हणजे तरीही त्या आठ इंचांच्या आतच राहील. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून नेम बसवून झाला की टेबल सोडा आणि बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, मचाणाच्या कठड्यावर हात ठेवून सराव करा.

आणखी एक गोष्ट लेकीलाही समजावून सांग. मी तिथे येईन तेव्हा माझी ७ एमएम-०८ आणि तुमची क्रीडमूर यांची काडतुसे एका खिशात, एका पेटीत, एका टेबलावर कधीही एकत्र राहणार नाहीत. या कुळातील काडतुसे दिसायला इतकी सारखी असतात की घाईत चुकीचे काडतूस चुकीच्या रायफलीत शिरू शकते, आणि त्यातून नळी फाटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. नळीवर कोरलेले नाव आणि पुंगळीच्या बुडावर कोरलेले नाव प्रत्येक वेळी जुळवून पाहायचे, हा आपला नियम.

बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो, तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रायफल घरात यायला हवी. खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून पार्श्वभूमीची तपासणी होते. तुझे ग्रीन कार्ड आणि सध्याचा पत्ता असलेला वाहन चालवण्याचा परवाना बरोबर ठेव, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. ऑफिसातील त्या एच-१बी वरच्या मित्रालाही रायफल घ्यायची आहे असे लिहिले आहेस. त्याच्यासाठी केंद्राचा कायदा वेगळा आहे. वैध शिकार परवाना हातात असल्याशिवाय त्याला रायफल घेता येणार नाही आणि जवळ बाळगताही येणार नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांग.

वहिनींना नमस्कार आणि लेकीला आशीर्वाद.

तुझा स्नेही

ता. क. शिकारीची गोळी एकदा ठरली की एकाच लॉट क्रमांकाची पाच-सहा खोकी एकदम घेऊन ठेव. लॉट बदलला की त्याच नावाच्या काडतुसाचा नेमही कधीकधी इंचभर सरकतो, आणि तो कागदावर पुन्हा तपासावा लागतो.